ढग जमले, पण वळीव आला नाही

वळीव कोसळला की त्याची बातमी होते. कुठे पत्रे उडाले, कुठे बाग आडवी झाली, कुठे झाडाखाली थांबलेल्यांवर वीज पडली. इशारा असूनही तो आला नाही, तर मात्र दोन शब्दांत निकाल लागतो: अंदाज चुकला. मला हा निकाल मान्य नाही. वळीव न येण्यालाही कारणं असतात आणि ती शोधता येतात. एप्रिलअखेरचा असाच एक दिवस कोरडा गेला, तेव्हा आम्ही काही जणांनी बसून त्यावर चांगलाच खल केला. तो इथे सविस्तर मांडतोय, कारण मिरज, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या आमच्या पट्ट्यातल्या आकाशाबद्दल मराठीत वाचायला फार कमी मिळतं. जे मिळतं ते पुण्या-मुंबईच्या आकाशाबद्दल असतं.

मी मिरजेत तंबोरे आणि सतारी करतो. हवेचं वेड कामातूनच लागलं. वाद्याला चपड्याचं पॉलिश करताना हवा दमट असली, तर त्यावर पांढरट झाक येते. मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. वडिलांना हवेचा अंदाज अंगावरच्या घामावरून यायचा. मला आकडा लागतो. म्हणून कारखान्यामागच्या परड्यात मी झडपांची एक पेटी बसवली आहे. पांढरी रंगवलेली, दार उत्तरेला, आतले तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. तापमापक दोन, एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या बुडाला मलमलीची पट्टी आणि तिचं टोक डिस्टिल्ड पाण्यात. ओल्यातला पारा कोरड्यापेक्षा किती खाली राहतो, त्यावरून कोष्टकात दवबिंदू सापडतो. हवा किती अंशांपर्यंत निवली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागेल, तो हा आकडा. रेडिओवर, टीव्हीवर सांगतात ती सापेक्ष आर्द्रता तापमान चढलं-उतरलं की बदलत राहते. दवबिंदू तसा हलत नाही. हवेत पाणी खरोखर वाढलं किंवा घटलं, तरच तो हलतो. पुढे जे सांगणार आहे त्यातला मुख्य साक्षीदार हाच.

आमच्यातले आप्पा कवठेमहांकाळजवळचे, त्यांची बेदाण्याची शेड आहे. आटपाडीचे गुरुजी भूगोल शिकवून निवृत्त झाले. जतमध्ये एक तरुण कृषी सेवा केंद्र चालवतो. आणि मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी, ज्यांच्याकडून मी तंबोऱ्याचे भोपळे घेतो. ओळखी वेगवेगळ्या कारणांनी झाल्या, पण बोलणं शेवटी ढगांवरच येतं. आमच्याकडे वळीव बहुतेकदा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. विजापूर-अथणीच्या बाजूला काळं झालं की जतवाला आधी बघतो, मग आप्पा, आणि त्यानंतर कधीतरी दंडोबाच्या डोंगरामागे ते मला दिसतं. त्यामुळे उन्हाळ्यात जतचा फोन आला, की मी हातातलं पॉलिशचं काम झाकून ठेवतो.

त्या दिवशी जिल्ह्याला पिवळा इशारा होता. मेघगर्जनेसह पाऊस, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाचे वारे, तुरळक ठिकाणी. नकाशावर विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक करत दक्षिणेकडे जाणारी वाऱ्यांच्या खंडिततेची रेषा होती. या रेषेच्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून आलेली ओलसर हवा असते, पश्चिमेला वायव्येकडची कोरडी. दोन्ही जिथे भेटतात तिथे हवेला वर उचललं जायला वाव मिळतो, आणि उन्हाळ्यातल्या आमच्या बऱ्याच वादळांचं मूळ या रेषेत असतं.

सकाळ तर आशा लावणारीच होती. साडेसातला मधल्या उंचीवर अल्टोक्युम्युलस ढगांच्या ओळी होत्या, आणि त्यांच्या माथ्यावर छोटे छोटे कोंब वर आलेले. या प्रकाराला कॅस्टेलॅनस म्हणतात. सकाळी सकाळी हे कोंब दिसले, की मधल्या थरातली हवा अस्थिर आहे असं समजायचं. दुपारच्या वादळाची ही जुनी, बऱ्यापैकी विश्वासाची खूण आहे. 8.30 वाजता कोरडा तापमापक 29 वर, ओला 23 वर. दवबिंदू साडेवीसच्या आसपास. एप्रिलच्या अखेरीला आमच्या पठारावर हा आकडा चांगलाच ओला म्हणायचा. मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "घामानं सदरा भिजलाय सकाळीच. आज येतंय बघा." त्यांच्या शेडमध्ये हंगामातला शेवटचा माल रॅकवर होता. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरली, की सुकायला पंधरवडा लागतो, आणि त्यात पाणी शिरलं तर माल काळा पडतो. आप्पांनी माणसं बोलावून शेडच्या चारी बाजूंना कागद सोडला. आत हवा खेळणं बंद, म्हणजे सुकायला आणखी वेळ. त्याला इलाज नव्हता.

साडेअकराला दवबिंदू 17 वर आला होता. अडीचला कोरडा तापमापक 40 आणि ओला साडेएकवीस. दवबिंदू 12.

इथेच दिवसाचा निकाल लागला होता, पण आकाशाने तो लगेच दाखवला नाही. तीनच्या सुमाराला दंडोबाच्या माथ्यावर कापशी ढग होते, बुडाला सपाट आणि फार उंच. माथा वर निघायचा, कडा फाटायच्या, दहा मिनिटांत विरून जायचा. शेजारी दुसरा निघायचा, त्याचीही तीच गत. जतवाल्याचा फोन चारला आला. "दादा, एक धरलाय. बुडातनं पाऊस लोंबतोय, पण खाली काय येईना. नुसती धूळ उडतीय." पाऊस ढगातून निघून वाटेतच हवेत जिरत होता. जमिनीपर्यंत पोचला तो फक्त त्याच्यामुळे गार झालेला वारा. सव्वाचारला मिरजेत पश्चिमेचा वारा सुटला. घाट ओलांडून संध्याकाळी येणारा हा वारा आमच्या रोजच्या ओळखीचा, पण त्या दिवशी तो लवकर आला आणि जोरात आला. सहापर्यंत आकाश निवळलं. रात्री गच्चीवरून पूर्वेला क्षितिजाशी विजा चमकताना दिसत होत्या, आवाज नाही. विजा कुठे पडतात ते दाखवणाऱ्या दामिनी ॲपवर ठिपके विजापूरच्याही पुढे, तालिकोटच्या बाजूला. वळीव पडला होता, मिरजेपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पूर्वेला.

त्यानंतरच्या रविवारी सगळे कारखान्यात जमले. भोपळेवाले गाडीतून माल घेऊन आलेच होते, आप्पा आणि गुरुजी मुद्दाम आले, जतवाला फोनवर होता. भोपळे उतरवून झाल्यावर चहा आला आणि विषय सुरू झाला.

भोपळेवाल्यांनी पहिलं कारण मांडलं ते पवनचक्क्यांचं. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि त्या ढग पळवतात, असं त्यांच्याकडे अनेकजण आजही मानतात. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांत ही समजूत घट्ट बसली. ती कुठून आली ते मला कळतं. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात, समोरच्या पठारावर एकाएकी फिरणारी पाती उभी राहिली आणि नेमका त्याच वर्षांत पाऊस हटला, तर माणूस दोन्हींचा संबंध जोडणारच. पण पातं अगदी वर उभं धरलं तरी त्याचं टोक जमिनीपासून शंभर-दीडशे मीटरवर. त्या दिवशी ढगांचं बूड साडेतीन किलोमीटरवर होतं. गुरुजींनी हे शांतपणे, कुणालाही न दुखावता समजावलं. ते म्हणाले, "पठारावर पाऊस कमी पडतो कारण सह्याद्रीनं तो आधीच उतरवून घेतलेला असतो. आणि वारा बक्कळ आहे म्हणून पवनचक्क्या तिथं आणल्या. दोन्ही गोष्टी त्या जागेच्या आहेत, एकीमुळं दुसरी नाही." मला हे उत्तर फार आवडलं.

जतवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. आदल्या रात्रीच्या वादळी ढगांच्या माथ्यांचं छत उंचावर आकाशात पसरलं, ऊन अडलं, म्हणून जमीन पुरेशी तापली नाही. ही शंका रास्त होती. असं पुष्कळदा होतं, आणि सकाळचं पांढुरकं आकाश बघून दुपारच्या वादळाचा नाद सोडून द्यावा लागतो. पण इथे ते बसत नाही. एक तर पारा 40 ला गेला, ऊन कमी पडलं नाही. दुसरं, एप्रिलमध्ये आमच्या डोक्यावर फार उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. तेलंगण किंवा उत्तर कर्नाटकातल्या वादळाचं छत आणखी पूर्वेकडे जाईल, उलटं आमच्याकडे येणार नाही.

मग उरलं काय? वादळाला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत ओलावा, वरपर्यंत अस्थिर हवा, आणि सुरुवातीची उचल. त्या दिवशी अस्थिरता होती. सकाळच्या कोंबांनीच ती दाखवली. उरलेल्या दोन्हींचं काय झालं, यावर आम्ही जवळजवळ दुपार घालवली.

आधी ओलावा. रोजच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी दवबिंदू थोडा उतरतोच. सकाळी ओलसर हवेचा थर जमिनीलगत पातळ असतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा खालीवर घुसळते, वरची कोरडी हवा खाली येते आणि खालची ओल वर वाटली जाते. थर जाड असेल, तर हे वाटप होऊनही खाली पुरेशी ओल उरते. पातळ असेल, तर दुपारपर्यंत सगळी संपते. त्या दिवशी सकाळी साडेवीसचा आकडा बघून आम्हाला वाटलं हवा ओली आहे. ओली होती, पण किती उंचीपर्यंत, हे जमिनीवरचा तापमापक सांगू शकत नाही. दुपारी दवबिंदू 12 अंशांपर्यंत घसरला, त्या घसरणीने सांगितलं, की थर अगदीच उथळ होता.

याचा ढगावर काय परिणाम होतो, त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर एका अंशाच्या फरकामागे कापशी ढगाचं बूड साधारण 125 मीटर वर जातं. तापमान 40 आणि दवबिंदू 20 टिकला असता, तर फरक 20 अंशांचा, बूड अडीच किलोमीटरवर. दवबिंदू 12 झाला, फरक 28 चा, बूड साडेतीन किलोमीटरवर. मिरज समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलं तर ढगाची सुरुवातच चार किलोमीटरच्या वर. आणि या दिवसांत हवेचं तापमान शून्याला येतं ते पाच किलोमीटरच्या आसपास. म्हणजे थेंबांनी एकमेकांवर आदळून मोठं व्हायला जो कोमट भाग लागतो, तो जेमतेम किलोमीटरभर उरला. त्यातून थेंब पडलेच, तर खाली साडेतीन किलोमीटर तापलेली, कोरडी हवा त्यांची वाट बघत होती. जतला लोंबणारा पाऊस जमिनीवर का आला नाही, त्याचं उत्तर एवढंच.

आता वर येणारी हवा अडवणारं झाकण. आम्ही त्याला झाकणच म्हणतो, कारण उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखं ते वर येणारी वाफ दाबून धरतं. जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर कधीकधी हवेचा असा थर येऊन बसतो, जो खालून वर येणाऱ्या हवेपेक्षा गरम असतो. वर येणारी कोरडी हवा दर किलोमीटरला 9.8 अंशांनी निवत जाते. त्या थरात पोचली की ती आजूबाजूच्या हवेपेक्षा गार, म्हणून जड ठरते आणि तिथेच थबकते. असा थर आमच्याकडे बहुधा वायव्येकडून सरकत येतो. खानदेश-माळव्याच्या बाजूला दिवसेंदिवस तापलेली हवा वरच्या वर इथे पोचते. त्याची पक्की खबर फुग्यांनी मिळते. मुंबई, पणजी अशा ठिकाणांहून हवामान विभाग उपकरणं बांधलेले फुगे सोडतो, आणि त्यांनी वरपर्यंत मोजलेलं तापमान, ओलावा, वारा आपल्यालाही बघायला मिळतात. पण पणजी घाटाखाली, समुद्राच्या काठी. तिथल्या खालच्या दोन किलोमीटरांवरून आमच्या पठारावरची हवा ओळखणं अवघड. त्या दिवशीचं झाकण आम्ही ताडलं ते ढगांवरून. तीनपर्यंतचे सगळे ढग एकाच उंचीवर माथे गमावत होते. वाऱ्याने फाटले असते, तर ते एकाच बाजूला कललेले आणि वेगवेगळ्या उंचीवर तुटलेले दिसले असते.

आप्पांचा प्रश्न फार नेमका होता. "झाकण असलं म्हंजे पाऊस न्हाईच का मग?" नाही, उलट. झाकण मुळीच नसेल, तर सकाळपासूनच छोटे छोटे ढग उठतात, थोडं थोडं शिंतडतात आणि हवेतली ताकद किरकोळीत संपवून टाकतात. झाकण असेल तर ती ताकद दिवसभर खाली साठत राहते. ते चार-पाच वाजता कुठेतरी फुटलं, की ढग अर्ध्या तासात दहा-बारा किलोमीटर उंच जातो. गारा, झाडं मोडणारा वारा, हे सगळं अशाच दिवसाचं. म्हणजे इशारा देणाऱ्यासमोर सकाळी जे चित्र असतं, त्यातून दुपारी काहीच नाही किंवा अतोनात, असे दोन टोकांचे निकाल निघू शकतात. हे कळलं की पिवळा इशारा का दिला जातो, तेही कळतं.

तिसरी गोष्ट उचल. यावर गुरुजींचा अभ्यास आमच्यात सगळ्यात चांगला. त्यांनी तीन दिवसांचे नकाशे छापून आणले होते. वाऱ्यांच्या खंडिततेची रेषा आदल्या दिवशी सोलापूर-विजापूरच्या जवळ होती. त्या दिवशी दुपारी ती आणखी पूर्वेला सरकलेली दिसते, आणि रात्रीच्या विजा बरोबर तिच्यालगत. आमच्यावर पश्चिम आणि वायव्येच्या वाऱ्यांचंच राज्य राहिलं. त्यात समुद्रावरचा वारा लवकर घाट चढून आला. तो गार असतो, ओलसरही असतो, पण त्याचा थर उथळ असतो. त्याच्या आघाडीवर तापलेली हवा उचलली जाते आणि तेवढ्यानेच कधीकधी कोल्हापूर-सांगलीकडे वादळ उठतं. त्या दिवशी मात्र त्या आघाडीपुढे उचलायला जी हवा होती ती 12 दवबिंदूची, वाळलेली. आघाडी आली, धूळ उठली, पाच-सहा अंशांनी गारवा आला, आणि पुढे काही नाही. मिरजेच्या लोकांना तो गारवा बरा वाटला. मलाही वाटला.

एवढं झाल्यावर भोपळेवाल्यांनी विचारलं, की मग हे सगळं कॉम्प्युटरला आधी का कळलं नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर हवामानाच्या ॲपमध्ये दुपारी दोनच्या पावसाचा निळा पट्टा दिसत होता. तो पट्टा जगभरासाठी चालणाऱ्या मॉडेलचा. अशा मॉडेलमध्ये पृथ्वी चौकटींत वाटलेली असते. युरोपीय मॉडेलची चौकट साधारण 9 किलोमीटरची, अमेरिकी मॉडेलची 13 ची. 2025 च्या मेमध्ये भारताने सुरू केलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमची 6 ची, आणि ही मोठीच मजल आहे. पण आमचा एकटादुकटा वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद. अमेरिकेत 1946-47 साली वादळांत विमानं घालून जो मोठा अभ्यास झाला, त्यातच हे स्पष्ट झालं होतं की अशा साध्या ढगाचं जन्मापासून विरण्यापर्यंतचं आयुष्य तासाभराचं असतं. एवढ्या छोट्या, अल्पायुषी गोष्टीचा हिशेब जागतिक मॉडेल थेट करत नाही, अंदाजी सूत्रांनी करतं. या सूत्रांची एक ओळखीची खोड अशी, की ती दुपारी फार लवकर पाऊस पाडतात. प्रत्यक्षात आमचा वळीव चार ते सातचा. म्हणून मोबाइलवरच्या दोनच्या निळ्या पट्ट्याचा अर्थ मी फक्त एवढाच घेतो, की आज हवेत तयारी आहे.

आणि ती तयारी किती नाजूक असते! अमेरिकेतले अँड्र्यू क्रूक यांनी 1996 साली दाखवून दिलं, की जमिनीलगतच्या तापमानात एक अंशाचा किंवा ओलाव्यात किलोभर हवेमागे एक ग्रॅमचा फरक पडला, तरी एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला जोरदार वादळ, असा निकाल बदलू शकतो. एक ग्रॅम! मोजमापांत एवढी चूक सहज राहून जाते. गुरुजींनी हे वाचून दाखवलं तेव्हा आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प होतो.

'तुरळक ठिकाणी' या शब्दांबद्दलही बोलायलाच हवं, कारण तिथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. हवामान विभागाच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्म्या. म्हणजे तुरळकचा अंदाज पूर्ण खरा ठरला, तरी चारातल्या किमान तीन गावांत थेंब पडणार नाही, आणि त्या तिन्ही गावांतले लोक अंदाज चुकला म्हणतील. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात कुठेच पाऊस नोंदला गेल्याचं मला आढळलं नाही, त्यामुळे इथे हा बचाव लागू होत नाही. पण इतर अनेक दिवशी तो लागू होतो, आणि तेव्हा हवामानशास्त्रज्ञांना शिव्या देणारी माणसं बघून मला मनापासून वाईट वाटतं.

याउलट राग येतो तो अमुक तारखेला, अमुक तालुक्यात, दुपारी तीन वाजता पाऊस असं छातीठोक सांगणाऱ्यांचा. वर सांगितलेला एक ग्रॅम ज्याला माहीत आहे, तो तालुका आणि तास आठवडाभर आधी सांगणारच नाही. पण शेतकऱ्याला नेमकं उत्तर हवं असतं, आणि ते देणारा त्याला जवळचा वाटतो. त्या भरवशावर कुणी काढलेला कांदा उघड्यावर ठेवला, कुणी फवारणी पुढे ढकलली, की नुकसान त्याचं एकट्याचं होतं.

आप्पांनी शेवटी स्वतःचा हिशेब सांगितला. शेड झाकायला-उघडायला दोन दिवसांची मजुरी गेली, माल सुकायला तीन दिवस जास्त लागले, वजनात फरक नाही, रंगात थोडा. मी विचारलं, पुढच्या पिवळ्या इशाऱ्याला काय करणार? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "झाकणार की ओ. 2014 ची गारपीट बघितलीय मी." 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जे झालं, ते ज्यांनी बघितलंय त्यांच्याशी यावर वाद घालता येत नाही. मात्र आप्पांनी एक सुधारणा सुचवली, आणि ती मला मोलाची वाटते. कागद सकाळीच पूर्ण सोडायचा नाही. पूर्वेची आणि उत्तरेची बाजू बांधून तयार ठेवायची, माणसं हाताशी ठेवायची, आणि दुपारचा दवबिंदू बघून उरलेलं ठरवायचं. अडीचला तो 18 च्या वर टिकलेला असेल आणि जतहून फोन आला, तर तासाभरात शेड बंद करता येते. जतला उठलेला ढग त्यांच्यापर्यंत यायला बहुधा तेवढा वेळ लागतोच. विजांसाठी मात्र असा हिशेब करायचा नाही, गडगडाट ऐकू आला की शेडवर चढलेल्या माणसाने खाली उतरायचं. यावर आमच्यात दुमत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही नोंदीची पद्धत बदलली. आधी प्रत्येकजण पाऊस किती पडला एवढंच लिहायचा, आणि कोरड्या दिवसापुढे रेघ मारायचा. आता इशारा असलेल्या प्रत्येक दिवशी 8.30, 11.30 आणि 2.30 चा कोरडा-ओला तापमापक, ढगांच्या माथ्यांचं वर्णन, आणि पश्चिमेचा वारा किती वाजता आला, हे लिहायचं. पाऊस न पडला तरी, किंबहुना न पडला तर जास्त काळजीने. जतवाल्यासाठी पेटी मी करून दिली, गुरुजींनी आपली स्वतः केली. भोपळेवाल्यांची या आठवड्यात पूर्ण होईल, रंगाचा शेवटचा हात राहिलाय.

आम्हाला सगळ्यात मोठी उणीव भासते ती पूर्वेच्या आणि ईशान्येच्या नोंदींची. अथणी, विजापूर, इंडी, सांगोला या बाजूला कुणी मराठी वाचणारं असेल आणि ओला तापमापक ठेवायची तयारी असेल, तर कळवा. पेटीचं माप, झडपांचा कोन, मलमल कुठली वापरायची आणि किती दिवसांनी बदलायची, हे सगळं मी पाठवतो. लाकूड तुमच्याकडचं कुठलंही चालेल, फक्त ते नीट मुरलेलं घ्या आणि पेटी पत्र्याच्या छपराजवळ किंवा सिमेंटच्या अंगणात ठेवू नका. 11.30 ची नोंद चुकली तर चालेल, 2.30 ची चुकवू नका.